ककरेठा : निरंक

३ नोव्हेंबर १९५६, शनिवार

पोचलो एकदाचा. बुधवारी वर्ध्याहून निघालो तेव्हा मध्य प्रदेश नावाचं एक राज्य होतं. भोपाळला हजेरी लावून आज ग्वाल्हेरला उतरलो, तर त्याच नावाचं दुसरंच राज्य उभं आहे. माझं गाव मुंबईकडे गेलं आणि कर्मचाऱ्यांच्या वाटणीत मी इकडे आलो. मित्र हळहळले. मी नाही. सरकारी नोकर असून जाहीर सभांत बोलतो म्हणून दोनदा लेखी समज खाल्लेला माणूस मी; मला नवं राज्य म्हणजे कोरी पाटी वाटते. आणि काम तर मनासारखं : साथींवर नजर ठेवायची. कुठे देवी निघाल्या, कुठे पटकी लागली, ते आठवड्याच्या आठवड्याला गोळा करायचं आणि रोगाच्या आधी तिथे लस पोचवायची. माणसाने माणसासाठी शोधलेल्या कामांत याहून चांगलं काम मला तरी माहीत नाही.

शिंदे की छावनीत खोली मिळाली. घर मंदाताईंचं. नवरा जुन्या फौजेत होता, तो वारला. त्या मुलींच्या शाळेत शिवण शिकवतात. मुलगी मधु, सात वर्षांची. तिला मोजण्याचा नाद आहे. मी ट्रंक उघडत असतानाच तिने माझी पुस्तकं मोजली. एक्केचाळीस, आणि एक फाटकं, ते धरायचं का, असं तिने विचारलं. धरायचं, मी म्हटलं, फाटकं आधी धरायचं.

जेवताना मी लस टोचून घेण्याच्या महत्त्वावर बराच वेळ बोललो असणार, कारण मंदाताई शेवटी म्हणाल्या, "तुम्ही बोलता मोठं छान हो, पण पोळी ठंडी होऊन राहिली आहे." इथलं मराठी हिंदीच्या मांडीवर वाढलेलं आहे. ऐकायला गोड वाटतं.

५ नोव्हेंबर, सोमवार

कार्यालय फूलबागेच्या पलीकडे, एका जुन्या पागेत. अर्धं भोपाळला चाललंय. अंगणात लॉरी उभी, तिच्यात कपाटं चढत होती. प्रत्येक कपाटावर खडूने आकडा. खुर्च्यांनाही आकडे. इतकी व्यवस्था पाहून मला आनंद झाला, हे नमूद करून ठेवतो.

मोठे बाबू जयसिंहराव. सव्वीस वर्षं याच टेबलाशी. दरबारी पद्धतीची पांढरी मिशी, बोलणं मऊ. त्यांनी काम समजावलं. भागात एकशे बारा केंद्रं आहेत. प्रत्येक केंद्रात देवी टोचणारा माणूस. इथे त्याला टीकादार म्हणतात. त्याने शनिवारी एक पोस्टकार्ड टाकायचं : देवी इतक्या, पटकी इतकी, प्लेग इतके. काहीच नसेल तर एकच शब्द, निरंक. सोमवारी सकाळी कार्डं येतात, बाबू तक्ता भरतात आणि बरोबर अकरा वाजता तक्त्यावर शिक्का मारतात. शिक्का पडला की आठवडा बंद.

भिंतीवर नकाशा आहे. जिथे साथ तिथे काळी टाचणी. नकाशावर एकही टाचणी नव्हती. बाबू अभिमानाने म्हणाले की सव्वीस वर्षांत आपल्या भागात साथ झालेली नाही. मी त्यांचं अभिनंदन केलं.

अभिनंदन केलं! मूर्ख.

(हा शेवटचा शब्द १९ तारखेला घातला आहे.)

१२ नोव्हेंबर, सोमवार

आज कार्डं मी स्वतः लावली. ककरेठ्याच्या कार्डाशी अडलो. हे खेडं भिंडच्या वाटेला, सायकलने दीड तासावर. जुन्या राज्याच्या यादीतून ते एकतीस ऑक्टोबरला वगळलं गेलं आणि नव्या यादीत चढलंच नाही. दोन राज्यांच्या मधल्या फटीत पडलेलं गाव. तरी त्याचं कार्ड आलं. निरंक. सही : कान्होजी, टीकादार.

मागची कार्डं काढली. चार महिन्यांची. सगळीकडे तीच शाई, तोच झुकाव, सहीखालची तीच वळणदार रेघ. एका बैठकीत लिहिल्यासारखी. बाबूंना दाखवलं. ते म्हणाले की वर्षाची कार्डं एकदम मिळतात, तेव्हा एकदमच सही करून ठेवायची पद्धत आहे. रोग निघाला तर नवं कार्ड लिहितात, नाही तर तयार असलेलं टाकतात. बहुतेक सगळे तसंच करतात.

म्हणजे एकशे बारा माणसं जूनमध्ये बसून डिसेंबरची तब्येत लिहितात. मी आवाज चढवला. बाबूंनी मला पाणी दिलं.

रविवारी ककरेठ्याला जातो.

१८ नोव्हेंबर, रविवार

लिहिताना टाकाचं टोक मोडलं. भीतीने नाही. रागाने.

ककरेठा म्हणजे साठेक घरं. तिसऱ्याच घरात वास आला. ज्याने एकदा तो वास घेतला आहे त्याला आत जाऊन बघावं लागत नाही. मी आत गेलो. खाटेवर दोन मुलं, चेहऱ्यावर बोट ठेवायला जागा नाही असे दाणे. पुढच्या घरात त्यांची आई. दुपारपर्यंत मी सतरा रोगी मोजले. प्रत्येकाचं नाव, बापाचं नाव, वय, दाण्यांचा दिवस, सगळं वहीत घेतलं. सहा माणसं आधीच गेली होती.

पहिला गेला तो कान्होजी. दसऱ्याच्या आधी. दुसऱ्यांना टोचत फिरला आणि स्वतःचा दंड पुन्हा टोचायचं राहिलं.

मग ही कार्डं कोण टाकतं? त्याची बायको सुमनताई. ग्वाल्हेरच्या लष्कर पेठेतल्या मराठ्यांची लेक, तिथे एकटीच मराठी बोलणारी. माझं मराठी ऐकून तिने पदर डोळ्यांना लावला. फळीवरून जुडगा काढून माझ्यापुढे ठेवला. उरलेली सहा कार्डं. ती म्हणाली, "ते बोलून गेले, सनीचर चुकवायचा नाही. मग मी नाही चुकवला." तिला वाचता येत नाही. नवऱ्याची आज्ञा म्हणून ती दर शनिवारी चालत टपालपेटीपर्यंत जात होती आणि आमच्या गावात सगळं ठीक आहे असं सरकारला कळवत होती. शेजारच्या अंगणात लेकरं सडत असताना.

तिच्यावर रागावता येईना. जुडगा घेतला. दोन दिवसांत लस घेऊन येतो असा शब्द दिला. संपूर्ण गावासमोर, चौथऱ्यावर उभं राहून. मला तसंच जमतं.

घरी आलो तर मधु धावत येऊन कोटाला बिलगली.

१९ नोव्हेंबर, सोमवार

दहा वाजताच अहवाल बाबूंपुढे ठेवला. देवी : सतरा. मृत्यू : सहा. टपालातून ककरेठ्याचं कार्डही आलं होतं, सुमनताईने शनिवारीच टाकलेलं. निरंक.

बाबूंनी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले, आणि माझा बाजूला सारला. त्यांचं म्हणणं मी जसंच्या तसं लिहितो, पुढे कुणाला खरं वाटणार नाही म्हणून :

"साहेब, आकडा चढवायचा तर केंद्राचा नंबर लागतो. नवे नंबर भोपाळहून यायचे आहेत. निरंकाला नंबर नाही लागत."

म्हणजे एक नोव्हेंबरपासून या भागात कुणालाही कुठलाही रोग होऊ शकत नाही. व्हायचा असेल तर आधी नंबर आणावा लागेल. मी टेबलावर मूठ आपटली. म्हटलं, न आलेलं उत्तर म्हणजे शून्य नव्हे. शून्य म्हणजे मी गेलो, दार वाजवलं, खाट पाहिली आणि कुणी आजारी नव्हतं. तुमचं शून्य म्हणजे तुम्ही उठलाच नाहीत! कारकून लिहायचे थांबले. दोघांनी मान डोलावली. मग अकरा वाजले आणि बाबूंनी शिक्का मारला.

मी काळी टाचणी घेऊन नकाशाशी गेलो. ककरेठ्याच्या जागी ती घुसेना. तिथे आधीच इतकी भोकं होती की कागद उरलाच नव्हता.

वरचे साहेब बदलीच्या प्रवासात आहेत, भोपाळला पोचलेले नाहीत. तार केली. उत्तर आलं : केंद्र क्रमांक कळवा.

२१ नोव्हेंबर, बुधवार

बर्फाच्या पेटीतून लशीच्या पन्नास नळ्या घेतल्या. चोरल्या म्हणा. सायकल हाणत ककरेठ्याला गेलो.

रोगी नाहीत.

मेले असं नव्हे. नाहीतच. तिसऱ्या घरात खाट उभी करून ठेवलेली, जमीन सारवलेली, भिंतीवर ताजा चुना. वास नाही. घरातल्या म्हाताऱ्याला, त्या दोन मुलांच्या आजोबाला, त्यांची नावं घेऊन विचारलं. तो भला माणूस हसला, म्हणाला की मला मूलबाळच झालं नाही. त्याच मुलांच्या कपाळावर रविवारी त्याने माझ्यादेखत ओलं फडकं ठेवलं होतं.

वहीतल्या सतरा जणांची सगळी दारं वाजवली. सगळ्या ठिकाणी तेच. पण मला नवीन खाटा दिसल्या, दुसऱ्या घरांत, रविवारी धडधाकट असलेल्या माणसांच्या. सोमवारच्या निरंकावरच्या शिक्क्याने ज्यांची नावं पुसली गेली त्यांचा रोग मात्र गावात आहे. तो कुणी पुसला नाही. त्याला कुठे नंबर लागतो?

पन्नास दंड टोचले. सुमनताईच्या घराला कुलूपसुद्धा नव्हतं, घरच नव्हतं. तिथे शेणी रचलेल्या. शेणीसुद्धा वाळलेल्या, जुन्या. रविवारी तिचं अंग तापलेलं होतं, मी थकव्याचं समजलो होतो.

साथीत माणसं गेलेली मी पुष्कळ पाहिली. पण गेल्यावर त्यांच्यासाठी रडणारं कुणी राहतं, एवढं तरी आजवर धरून चाललो होतो.

२५ नोव्हेंबर, रविवार

फूलबागेत उभा राहून बोललो. शे-सव्वाशे लोक जमले. आवाज लागला होता. म्हटलं, या विलीनीकरणात खुर्च्या मोजल्या, कपाटं मोजली, लॉरीवर चढवताना शाईच्या दौती मोजल्या, आणि माणसं? टाळ्या पडल्या. मग ककरेठ्याच्या सतरा जणांची नावं घ्यायला सुरुवात केली. कागद हातात नव्हता, मला कागद लागत नाही. आठव्या नावाशी थांबलो. पुढचं येईना. लोकांना वाटलं मी मुद्दाम थांबलो आहे, त्यांनी पुन्हा टाळ्या वाजवल्या.

घरी येऊन वही उघडली. आठ नावं आहेत. सतरा ओळी आखलेल्या आहेत.

२८ नोव्हेंबर, बुधवार

जयसिंहरावांचा दुपारचा चहा येतो तो दोन कप. एक ते पितात, दुसरा समोरच्या रिकाम्या खुर्चीपुढे ठेवतात. निवला की ओततात. आज विचारलं, दुसरा कुणाचा. म्हणाले, सवय आहे. कधीपासून? त्यांनी मिशीवरून हात फिरवला. त्यांचा चेहरा एकदम लहान मुलासारखा झाला. मग म्हणाले की ठाऊक नाही.

या माणसाला दुष्ट समजून मी आठवडाभर दातओठ खात होतो.

तरीही त्याला माफ करत नाही. सव्वीस वर्षं दर सोमवारी ज्या हाताने शिक्का मारला तो हात त्याचाच.

३० नोव्हेंबर, शुक्रवार

मधुला ताप.

१९ तारखेपासून दिवस मोजले. बारावा दिवस. ककरेठ्याहून आलो तेव्हा ती बिलगली तो कोट.

तिचा दंड उघडून पाहिला. दोन्ही. व्रण नाही. मंदाताई म्हणाल्या की टीकादार आला होता, रजिस्टरमध्ये खूण करून घाईत निघून गेला, पुन्हा येतो म्हणाला. मी या घरात पहिल्याच दिवशी जेवणाच्या पाटावर बसून लशीवर व्याख्यान दिलं. पोळी थंड होईपर्यंत. आणि समोर बसलेल्या पोरीचा दंड पाहिला नाही. आज टोचलं. उशीर झाला आहे हे मला कळतं. वर्ध्यात हेच मी शेकडो लोकांना ओरडून सांगितलं आहे.

३ डिसेंबर, सोमवार

दुपारी तीनला कपाळावर दाणे. मग मनगटांवर. देवीच.

शिक्का सकाळी पडून गेलाय. म्हणजे पुढच्या शिक्क्यापर्यंत आठवडा आहे. मंदाताईंना सगळं सांगितलं, ककरेठ्याचंही. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "माझ्यापासून हे समजून नाही होत. तुम्ही फक्त तिचं नाव लिहवा तिथे." लिहवतो. शब्द दिला. या वेळी हळू आवाजात.

५ डिसेंबर, बुधवार

छावनीच्या केंद्राला टीकादारच उरला नाही, जागा कमी झाली. त्याचं कार्ड बाबू स्वतः लिहितात. मी माझ्या हाताने कार्ड केलं. शिंदे की छावनी. देवी : एक. मधु, वय सात. बाबू म्हणाले, नंबर?

मी एकशे तेरा घातला. मनानेच. ते म्हणाले खोटा नंबर चालणार नाही. खोटं निरंक चालतं!

भोपाळला तिसरी तार. उत्तर तेच.

आग्र्याला, या तक्त्याच्या हद्दीबाहेर, न्यावं का तिला? आगगाडीच्या डब्यात शंभर माणसं. शंभर मधु करू? नाही. या एका पोरीचा जीव असला तरी — नाही.

७ डिसेंबर, शुक्रवार

दाणे भरले. ती पडल्या पडल्या मोजते. डाव्या हातावरचे एकोणसत्तर. उजव्यावरचे मी मोजायचे, असा तिने हुकूम सोडला आहे. डोळे वाचले आहेत. श्वास चांगला. ही पोर देवीने मरणार नाही, मला अनुभवाने कळतं. ती जगेल. तिला फक्त आमच्या हातून वाचवायचं आहे.

शेजारी दोन घरांत ताप. गल्ली टोचून काढली. लस संपली.

८ डिसेंबर, शनिवार

तक्ता फाडला. बाबूंसमोर. तुकडे तोंडावर फेकले. त्यांनी खाली वाकून तुकडे गोळा केले, दुसरा कागद घेतला, आखू लागले. शिक्का हिसकावला तर म्हणाले, लाकडाचा आहे साहेब, पाटणकर बाजारात अर्ध्या तासात नवा होतो. हे तुमच्यात आणि माझ्यात नाही, म्हणाले. मी नसलो तर दुसरा कुणी असेल.

मी म्हटलं, तुमच्या समोरच्या खुर्चीत कोण बसायचं?

त्यांचा हात थांबला. रडले. आवाज न करता. आणि मग ओळ पुरी आखली.

९ डिसेंबर, रविवार

फूलबागेत गेलो नाही. चौकातले लोक विचारतात आज बोलणार नाही का.

बोलून काय होतं. सहा नावं उरली वहीत.

मंदाताई मधुच्या फ्रॉकच्या आत तिचं नाव शिवतात. दोन्ही फ्रॉक. उशीवर. चादरीवर. शिवणाच्या बाई. टाके इतके बारीक की —

१० डिसेंबर, सोमवार

सव्वादहा. ऑफिसात गेलो नाही. तिथे ओरडून माझा घसा मोकळा होईल, दुसरं काही नाही. इथेच बसलो आहे. डावा हात तिच्या हातात. उजव्याने लिहितो आहे. मंदाताई पायथ्याशी.

साडेदहा. दर पाच मिनिटांनी नाव विचारतो. मधु. पुन्हा. मधु. वैतागली. काका, तुम्हाला येत नाही का माझं नाव.

पावणेअकरा. खपल्या धरू लागल्यात. बरी होते आहे ती. लिहून ठेवा कुणीतरी, ही बरी होत होती.

दहा मिनिटं उरली. त्यांना एकही नाव देणार नाही मी. माझ्या मुठीतून ओढून न्यायचं असेल तर या. शिक्के घेऊन या. तुमची सगळी कपाटं घेऊन —

दोन मिनिटं. हात गरम. घट्ट धरलाय तिने.

अकरा.

आहे. हात आहे. मधु. मधु. मधु. मधु

मंदाताई उठल्या. शाळेला देर होऊन राहिली, म्हणाल्या. आणि तुम्ही या बंद कोठीत काय करून राहिलात.

खाट उभी केलेली आहे भिंतीला. चुन्याचा वास.

माझा डावा हात मिटलेला आहे. बोटं उघडत नाहीत. तळवा गरम. वर एक शब्द चार वेळा लिहिला आहे, अक्षर माझंच, शब्द कुणाचा ते —

काहीतरी धरून बसलो होतो मी. सोडायचं नाही असं ठरवून. इतकं घट्ट की नखं रुतली आहेत. काय ते —